पत्र्याची कोठी

“कोठी? कुठे?” हेल्गाने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले आणि हातातला फोटो पुढे केला.

कुंताबाईने फोटो निरखला. फोटो तिच्याच स्वयंपाकघराचा होता. सेवाग्रामजवळच्या या गावात मागल्या हिवाळ्यात परदेशी मुलांचे श्रमदान शिबिर झाले, तेव्हा हेल्गाच्या मैत्रिणीने तो काढला होता. त्यात कुंताबाईच्या सासूने, रुख्माबाईने, हाताने घडवलेली धान्याची मातीची कोठी होती. यंदा हेल्गा आली, शाळेची विहीर खणायला. ती कोठी पाहायची, जमलेच तर करायला शिकायची, म्हणून मुक्कामाला तिने हेच घर मागून घेतले होते.

हे कुंताबाईला कुणी सांगितलेच नव्हते. गोऱ्या पाहुणीला आपले घर गावंढळ वाटू नये म्हणून तिने घर उलथेपालथे केले होते. परवा स्वतः कुदळ घेऊन कोठी फोडली, ढेकळे उकिरड्यावर टाकली आणि त्या जागी पुलगावच्या बाजारातून आणलेली पत्र्याची कोठी उभी केली. चकचकीत, कुलपासकट. रुख्माबाई तेव्हा ओसरीवर बसून होती. एक शब्द बोलली नाही.

आता मात्र ती बोलणार. परक्या पोरीसमोर आपली शोभा होणार, आणि व्हायलाच हवी, असे कुंताबाईला वाटले. तिने मान खाली घातली.

“माह्याच हाताचा धक्का लागला, पोरी. फुटली,” रुख्माबाई म्हणाली. “तोल नाई राह्यला आता म्हातारीचा.”

यापेक्षा सासूने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. कुंताबाईला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हेल्गा हळहळली. मग तिने फोटोतल्या कोठीच्या पोटावर बोट ठेवले. तिथे मातीत एक लहानसा पंजा उमटलेला होता.

“हा कोणाचा?”

कुंताबाई वाकून पाहू लागली. इतकी वर्षे त्याच कोठीतून ज्वारी काढली, पण पंजाकडे तिचे कधी लक्षच गेले नव्हते. आता आठवले, ती लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने तिचा हात धरून याच कोठीच्या ओल्या मातीवर दाबला होता. नव्या सुनेचा हात उमटला की घरातले धान्य सरत नाही, म्हणाली होती.

कुंताबाईने उजवा हात पदराखाली घेतला.

“हात काऊन लपवून राह्यली?” रुख्माबाई म्हणाली. “काढ भायेर. मातीची नवी कोठी करू, तिले बी तोच लागन.”