किनाऱ्यावरचं वाटप

"ताई, वाटप वर टेकडीवर ठेवा. बायका किनाऱ्यावर उतरायला धजत नाहीत हो," गावातल्या महिला मंडळाच्या आजी फोनवर पुन्हा पुन्हा विनवत होत्या.

मदत संस्थेच्या ऑफिसात बसलेल्या ताई हसल्या. "त्सुनामीची लाट येऊन गेली, आजी. दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक किती दिवस फुंकायचं? ट्रक टेकडी चढत नाही. वाटप खालीच होईल."

दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, वैतागलेला. "कसली माणसं ही, ताई! ताडपत्री सोडतोय तोच रांग मोडून सगळी टेकडीकडे पळत सुटली. आजी तर मलाही ओढत होत्या. मीच हात सोडवून घेतला."

"अरे, पण झालं काय?"

"काही नाही हो. उलट समुद्र पार मागे गेलाय. सामान उतरवायला जागाच जागा!"