दुसरा देश

साड्यांचा दलाल धर्मेंद्र दुसऱ्यांदा थायलंडला गेला, तेव्हा बायकोला, योगितालाही घेऊन गेला आणि येताना तिला व्हिएतनामही दाखवलं. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मार्केटला गेला आणि सुरतच्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतल्या बाया फोटो बघायला त्याच्या घरी जमल्या. योगिताने डाव्या हाताने सगळ्यांना चॉकलेटं वाटली. उजव्या हाताच्या प्लास्टरबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कलाबाई म्हणाल्या, “पोरी, तुले कोनता देश जास्त आवडना?”

“दुसरा, मावशी. तिथल्या हॉटेलात यांनी मला भिंतीवर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि लगेच दार वाजलं. साफसफाईवाली बाई होती. आपली भाषा तिला कळत नव्हती, तरी यांनी दार उघडेपर्यंत ती दोन्ही मुठींनी धडाधड वाजवत राहिली.”

“ओळख ना पाळख, तरी?”

“मलाही नवल वाटलं, मावशी. बारा वर्षं मी समजत होते, बाई ओरडायला लागली की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात.”