कॅमेऱ्याला सपोर्ट नाही

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपचा कॅमेरा एकदाचा चालू झाला आणि पडद्यावर सिद्रामप्पा वटवाघळासारखे उलटे लटकलेले दिसू लागले. साहेबराव सरांनी एक ओळ टाइप केली. सिद्रामप्पा सरळ झाले. मग दिसलं, की त्यांचं तोंड उतरलेलं आहे.

"बघा अप्पा," सर म्हणाले. "चौदा वर्षांचं मशीन. विंडोज घेईना म्हणून माळ्यावर टाकलेलं. लिनक्स टाकलं, वायफाय धरलं, आता कॅमेराबी धरला. माईकला जरा खरखर हाय, ती राहणारच."

सरांनी निलंग्यात वीस वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेतले. पोरं शिकली आणि पुण्याला, तिथून अमेरिकेला गेली. कॉम्प्युटर सरांकडेच राहिले. म्हणून आता दुकानावर पाटी होती, 'जुने कॉम्प्युटर जिवंत करून मिळतील', आणि खाली बारीक अक्षरात, 'गॅरंटी नाही'.

त्या पोरांतलाच एक संगमेश्वर, सिद्रामप्पांचा मुलगा. लॅपटॉप त्याचाच, कॉलेजातला. आईवडिलांच्या फोनचा कॅमेरा फुटला, त्यांचं तोंड दिसत नाही, म्हणून त्यानंच अमेरिकेतून सरांना फोन करून हे काम लावलं होतं.

सिद्रामप्पा पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, हे परत बिघडवता येतंय का?"

दुकानात तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आली होती. हे काम घेऊन कुणी आलं नव्हतं.

सिद्रामप्पांनी खिशातला फोन काढून टेबलावर उताणा ठेवला. कॅमेरा फुटलेला नव्हता. त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती, कात्रीनं नीट गोल कापलेली.

"पार्वतीला, संगमेश्वरच्या अव्वाला, कॅन्सर हाय. मार्चपासून लातूरच्या खेपा चालू होत्या. केस गेले सगळे. निम्मी राहिली. परवा डाक्टर म्हणले, आता आणू नका. घरी काय खाते ते खाऊ द्या."

"संगमेश्वरला ठाऊक न्हाई?"

"त्याचे व्हिसाचे कागद अडकलेत तिकडं. निघाला तर परत घेत न्हाईत म्हणे. आन् आईला बघितलं तर तो थांबतोय व्हय?" सिद्रामप्पांनी फोन उचलून खिशात घातला. "ती म्हणली, कॅमेरा चालला तर मी बोलणारच न्हाई त्याच्याशी. रोज सकाळी नऊला फोनवर बोलते, सर. दिवसभरात तेवढंच बोलते."

"मग कॅमेरा बंद ठेवा की. बटण असतंय."

"बंद ठेवला तर का ठेवला म्हणतो. चालतच न्हाई म्हणल्यावर काय म्हणंल?"

सरांनी की-बोर्ड पुढे ओढला. तीन दिवस त्यांनी त्या कॅमेऱ्यामागे घातले होते. तो घालवायला दोन ओळी पुरल्या. मशीन बंद करून पुन्हा लावलं. पडदा काळा, वर एक वाक्य: कॅमेरा सापडला नाही. सिद्रामप्पांचा चेहरा जरा मोकळा झाला, पण तो आता पडद्यावर दिसत नव्हता.

सवयीनं सरांनी चिठ्ठी लिहिली. वायफाय: ठीक. माईक: चालतो, खरखर. कॅमेरा: सपोर्ट नाही. सिद्रामप्पांनी ती दोनदा वाचली, पसंत केली आणि ते रिक्षा बघायला चौकात गेले.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. संगमेश्वर होता. तिकडे रात्र असावी.

"सर, झालं का?"

"झालं की. बाकी सगळं चालतंय. कॅमेरा तेवढा न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"सपोर्ट न्हाई. मॉडेल लई जुनं हाय."

थोडा वेळ नुसती की-बोर्डची टकटक ऐकू आली.

"सर, मी आत्ता बघितलं. त्या मॉडेलचा कॅमेरा लिनक्सवर उलटा दिसतो. पण दिसतो. तुम्हीच शिकवलं होतं. आधी मॉडेलचा नंबर टाकून बघायचं, मग बोलायचं."

इतका हुशार विद्यार्थी आपण उगाच घडवला, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"अव्वाचं लई वाढलंय का सर? फोनवर आवाज रोज बारीक होत चाललाय तिचा."

सरांनी समोरची चिठ्ठी उचलली आणि तिच्यात बघून वाचल्यासारखं म्हणाले, "सपोर्ट न्हाई रे, संगमेश्वर."

फोन कटला की काय म्हणून सरांनी कानापासून काढून बघितला. सेकंद पुढे जात होते.

"बरं," शेवटी आवाज आला. "कागद कधी सुटतील कुणी सांगत न्हाई, सर. तवर न्हाईच चालत म्हणा. अव्वाला सांगा, मला पटलं म्हणून." मग, "आवाज तेवढा चांगला करून द्या."

सिद्रामप्पा रिक्षा घेऊन आले, तेव्हा लॅपटॉपचे स्क्रू टेबलावर ओळीनं मांडलेले होते. सर डोळ्याला भिंग लावून, माईकच्या मोहरीएवढ्या भोकात साचलेली चौदा वर्षांची धूळ सुईनं काढत होते.

"अजून काय राहिलं, सर?"

"बसा अप्पा," सर मान वर न करता म्हणाले. "रिक्षाला जाऊ द्या."