बांबूच्या पल्याड

नाक्यावरचा बांबू काही वर जाईना.

ट्रकात हळद लागलेली पुष्पावती, तिची आई रतनबाई, मामा मच्छिंद्र आणि श्रीगोंद्याकडचे पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. खाली तिचा बाप रंगनाथ हवालदाराशी भांडत होता. बांबूच्या पुढं म्हैसूर राज्य. त्या राज्यात तीन कोसांवर नवऱ्याचं गाव, आणि दुपारी अक्षता.

"काल सोलापुरात हीच बंदूक खांद्यावर टाकून हिंडलो. पोलिसानं रामराम घातला."

"तिथं घालतील. हे लायसन महाराष्ट्रापुरतं." हवालदाराचं मराठी चांगलं होतं, हेल तेवढा कानडी. "हिकडं आणायची तर आधी नगरला कलेक्टर कचेरीत अर्ज करायचा, लायसनवर म्हैसूरचं नाव चढवून घ्यायचं. तसंच आलात तर बांबूच्या अल्याड पाहुणे, पल्याड आरोपी."

"गाव मराठी, सोयरे मराठी, जवारी दोन्हीकडं एकच. बंदूकच काय ती परमुलखातली?"

"कायदा मी नाही केला, मालक. हितं जमा करा, पावती घ्या, परत जाताना न्या."

रंगनाथच्या घरातली पोर नवऱ्याच्या गावच्या वेशीत उतरली, की बाप हवेत दोन बार काढी. आजोबापासूनची रीत. या पोरीच्या मागं माणूस आहे, हे त्या गावाला कळावं म्हणून. धाकट्या आत्याच्या वेळचे बार पुष्पावतीला अजून आठवत होते. यंदा आपल्यासाठी निघणार, म्हणून कितीतरी दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आता मात्र तिला त्या बारांचं काही वाटेना. बाप तेवढा मांडवात हवा होता.

रंगनाथनं बंदूक दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मच्छिंद्र, ट्रक ने म्होरं. कन्यादान तू कर. मी हितंच बसतो बंदुकीपाशी."

रतनबाई वरनंच म्हणाली, "अवं, ठिवा की त्यांच्यापाशी. पोरीचं लगीन काय रोज हाय का?"

"ठिवा म्हनं. परक्या मानसाच्या हाती देऊ व्हय? नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. नीट ठेवंल का आपटंल, कोन बघायचं? लई जीव लावून संभाळलीया म्या."

"ते खरं हाय, दाजी," मामानं मान डोलावली.

पुष्पावतीची कानशिलं तापली. नवरा तिनं एकदाच पाहिला होता, चहाचा कप पुढं करताना, तोही खाली मान घालून, गुडघ्यापर्यंत. आणि बापानं त्या घराची सगळी चौकशी एका जेवणात उरकली होती. त्यातलंही अर्धं जेवण शिकारीच्या गप्पांत गेलं होतं.

तिनं शालू गोळा केला आणि ट्रकच्या फळीवरून खाली उडी मारली. हिरवा चुडा खळाळला.

"पुष्पे, वर चढ. नवरीनं वाटंत उतरू न्हाई."

तिनं बापाकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ हवालदाराच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"हवालदारसाहेब, मलाबी हितंच जमा करून घ्या. पावती ह्यांच्या नावानं फाडा."

ट्रकात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"शुद्धीवर हायेस का?" रंगनाथ गुरगुरला.

"हाय की, आबा. तुमी ह्या बांबूच्या पल्याड येनार नसाल, तर मीबी न्हाई."

हवालदारानं एकदा तिच्याकडं, एकदा रंगनाथकडं पाहिलं. मग बंदुकीसाठी हात पुढं केला.

रंगनाथ लालबुंद झाला. पोरीला दंडाला धरून ट्रकात कोंबावं म्हणून तरातरा पुढं आला आणि मधेच थबकला. दोन्ही हात बंदुकीत अडकले होते. तो पोरीकडं बघे, मग त्या पुढं आलेल्या हाताकडं बघे.

ती जागची हलली नाही.