सीमेवरचं जेवण

सीमा बंद होऊन दोन महिने झाले होते. पलीकडच्या गावात अकोफाच्या आईचं दफन शनिवारी होतं, आणि शुक्रवारी दुपारी अलीकडच्या नाक्यावर ती दोन्ही देशांच्या मंत्र्यांना मासे आणि मक्याच्या पिठाचं आक्प्ले वाढत होती.

"अगदी आमच्या आजीच्या हातची चव!" पलीकडचे मंत्री सीमेच्या दोन्ही बाजूंना घरोघरी बोलल्या जाणाऱ्या एवे भाषेत म्हणाले.

"मग घे की अजून, लाजतोस काय!" अलीकडचे एवेतच हसत म्हणाले. "आणि सीमेचं काय? उद्या सकाळी उघडू या?"

"उघडू या, भाऊ. लोकांचे हाल होतायत."

अकोफाने घरी जाऊन बोचकं बांधलं.

संध्याकाळी रेडिओवर एवेतून बातमी आली.



"फ्रेंच-इंग्रजी दुभाषी न पोहोचल्यामुळे दोन्ही मंत्र्यांची अधिकृत बोलणी होऊ शकली नाहीत, सीमा बंदच राहील. पुढची बैठक सोमवारी."