एकवीस ताटे

पंधरावे ताट मंडपात आले तेव्हा आहेर पुकारणाऱ्याने पाणी मागितले. घोटभर पिऊन तो ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "मामांकडून नवरीला चांदीच्या समया, जोडी. आणि बसा मंडळी, रांग अजून संपलेली नाही." शहरातल्या पर्वत पाटिया भागाजवळ लग्नासाठी भाड्याने घेतलेल्या त्या पार्टी प्लॉटवर जेवायला गेलेली माणसेही हातातल्या ताटल्यांसह पाहायला परतली. फाटकाशी नवरीच्या वडिलांनी, योगेंद्रने, जावयाला दिलेली पांढरी मोटार फीत बांधून उभी होती. घटकाभर तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

रांगेच्या शेवटी वाल्मिक होता. नवरीचा सख्खा मामा. शिरपूरकडच्या गावाहून भाऊबंदांच्या एकवीस बायकांना घेऊन तो पहाटेच निघाला होता. प्रत्येकीच्या हातात एक ताट होते. पैठण्या, सुकामेवा, जावयासाठी घड्याळ. आणि एकविसाव्या ताटात, लाल मखमलीवर, सोन्याचा हार.

नवरीची आई सुषमा त्या हाराकडे पाहत उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी तिचे वडील वारले आणि गावच्या पाच बिघ्यांवर बहीण-भावाची नावे लागली. वर्षश्राद्धाच्या दिवशी वाल्मिकने हक्कसोडीचा कागद पुढे केला. बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिचे माहेर चालवायचे, ही तिकडची रीत. योगेंद्रने तिला सही करू दिली नाही. तेव्हापासून येणे-जाणे जवळपास थांबले. थोरल्या योगिताच्या लग्नात वाल्मिकने एक साडी, टोपी-टॉवेल आणि पाच भांडी आणली होती. ती पुकारली गेली तेव्हा योगेंद्रचे व्यापारी मित्र हसले. सुषमा त्यांच्या बायकांमध्ये उभी होती. तीही हसली.

आज धाकट्या धनश्रीच्या लग्नात कोणी हसत नव्हते.

"सुषमा, भाऊ आलाय का सौदा?" नणंद सरलाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने मला पाटल्या केल्या, त्याच आठवड्यात मला हक्कसोडीला नेलं. जेवणसुद्धा नंतर घातलं. एवढं कोणी उगाच देत नाही, बाई. त्याचा खिसा बघ."

सुषमाने पाहिले. वाल्मिकच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला एक कागद डोकावत होता.

ताटे आतल्या खोलीत मांडून झाली. बायका मंडपाकडे गेल्या. मागे दोघे भावंडे उरली. वाल्मिकने उपरण्याने कपाळ पुसले.

"ताई, पोर खूश शे ना?"

सुषमाने घरची अहिराणी टाळली.

"कागद काढ," ती म्हणाली.

"कोणता?"

"खिशातला. एवढ्या ताटांची गरज नव्हती, वाल्मिक. नुसती सही मागितली असतीस तरी मी दिली असती. ह्यांना न विचारता दिली असती." तिचा आवाज खाली आला. "सकाळपासून मला वाटत होतं, माझा भाऊ आला."

वाल्मिक ताटांकडे पाहत राहिला. बाहेर भटजींनी नवरीच्या मामांना पहिली हाक दिली. त्याने कागद काढला, पण लगेच पुढे केला नाही.

"हा तुलाच द्यायचा होता. मंगलाष्टकं झाल्यावर."

"आत्ताच दे. एकदाचं संपू दे."

आहेराच्या वहीवरचे पेन तिने उचलले. घडी उलगडली आणि सहीची जागा शोधली. तशी जागा कोठे नव्हती. तो हक्कसोडीचा कागद नव्हता. तो गावच्या शेताचा सातबारा उतारा होता, याच महिन्यात काढलेला.

तिने तो वरून खाली वाचला. तिचे नाव जागेवर होते. निम्मा हिस्साही जागेवर होता. वाल्मिकच्या नावाला मात्र कंस पडला होता. ज्याचा हक्क संपतो त्याच्या नावाला उताऱ्यावर कंस घालतात, हे तिला ठाऊक होते. वडिलांच्या नावाला पडलेला कंस तिने पाहिला होता. त्याखाली कोणा परक्या माणसाचे नाव चढलेले होते.

भटजींची दुसरी हाक आली.

"हे काय रे?" तिने विचारले.

"तुझा हिस्सा आहे तसाच आहे, ताई." आता तोही अहिराणीत बोलत नव्हता. "माझ्या हिश्श्याची ही ताटं झाली."