पाऱ्याची खोली

"चमचा!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "चमचा आहे तो!"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या होत्या. कंगवा, किल्ली आणि चमचा. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी तिन्हींची नावं बरोबर सांगितली होती. काचेपलीकडे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर ती किंचाळलीच असती.

बाबा थर्मामीटरच्या कारखान्यात मुकादम होते. नळ्यांत पारा भरायच्या खोलीत बावीस वर्षं काढलेली. पाऱ्याची वाफ श्वासातून आत गेली आणि त्यांच्यासकट अकरा जणांची आठवण पुसत गेली. मुलगी औषधांच्या संशोधनात शिरली ती त्याचसाठी. एका झुडपाच्या सालीत कामाचं द्रव्य सापडलं, पण पोतंभर साल कुटावी तेव्हा चिमूटभर निघायचं. मग तिने प्रयोगशाळेतच त्याचं जुळं भावंड तयार केलं. "ना पान, ना मूळ, आणि म्हणे झाडाचं औषध!" असं चिडवणारे सहकारी आज जिन्यावरून धावत आले.

"पार्टी कधी?"

"आधी बाबांना बुटाची नाडी बांधू दे!"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ती बांधली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिला "चिमणे" अशी हाक मारली. ती स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली आणि हसत बाहेर आली.

आता उरली होती चौकशी. वाफ बाहेर फेकणारा पंखा कित्येक वर्षं बंद होता, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. कोणी बंद ठेवला, ते सांगू शकणारे सगळेच विसरून बसलेले.

"मालकानेच," मुलगी छातीठोकपणे सांगायची. "विजेचं बिल वाचवायला. बाबांना आठवू दे, मग बघा."

त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. चौकशीच्या खोलीत कामगारांच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. एका काकूंनी तिचा हात धरला.

"पोरी, आमच्या ह्यांनाही मिळेल ना गं औषध?"

"सगळ्यांना मिळणार, काकू. पुढच्या महिन्यापासून!" तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

अधिकाऱ्याने कागद सरळ केले. "पंखा कोणी बंद ठेवला होता, आठवतं तुम्हाला?"

"लख्ख आठवतं."

मालक खुर्चीत अवघडला. मुलगी बाकाच्या कडेपर्यंत सरकली.

"सांगा बाबा. अजिबात घाबरू नका."

बाबा तिच्याकडे वळले. तिच्यासाठी काहीतरी आठवलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"मीच की, चिमणे. शाळा सुटली की तू तिथेच माझ्याजवळ अभ्यासाला बसायचीस, आणि त्या वाऱ्याने तुला हुडहुडी भरायची."